पातळ माती, कमी खत: जॅराच्या जंगलातल्या बॉक्साइट खाणींचं प्रकरण

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेकडून दक्षिणेकडे डार्लिंग डोंगररांग पसरली आहे. डोंगरावर जांभा, जांभ्यात बॉक्साइट आणि वर जॅरा नावाच्या निलगिरीवर्गीय झाडांचं जंगल. अल्कोआ कंपनीने १९६३ मध्ये जॅराडेल इथे बॉक्साइट काढायला सुरुवात केली. पुढे हंटली आणि विलोडेल या खाणी आल्या, आणि १९९८ मध्ये जॅराडेलचं खाणकाम थांबलं. २००० च्या दशकात दरवर्षी साधारण ५५० हेक्टर जंगल तोडून खणलं जात होतं आणि जवळपास तेवढ्याच क्षेत्रावर पुन्हा जंगल उभं करण्याचं काम चालू होतं.

या कामाचे बरेच पैलू आहेत. इथे विषय एकच: खाणीच्या तळावर परत पसरलेल्या वीतभर मातीला खत किती द्यायचं. १९८० आणि ९० च्या दशकांत हेक्टरी सुमारे ८० किलो स्फुरद (फॉस्फरस) दिलं जायचं. २००० च्या सुमारास ते ४० किलोवर आलं आणि नंतर २० वर. पैसे वाचवण्यासाठी ही कपात झाली नाही. खत कमी पडलेल्या तुकड्यांत जंगल जास्त जंगलासारखं उगवत होतं, म्हणून झाली.

मूळ जमीन

वरून खाली जायचं तर पहिले १०-१५ सेंटीमीटर काळपट, खडेमिश्रित माती. तिच्याखाली साधारण ४० सेंटीमीटर पिवळसर खडीचा थर. मग सुरुंग लावल्याशिवाय न फुटणारा कडक जांभा, त्याखाली भुसभुशीत बॉक्साइट. दोन्ही मिळून सरासरी चार-पाच मीटर. त्याच्या खाली चिकणमाती, आणि तोच खाणीचा तळ. पाऊस पश्चिम कडेला ११०० ते १३०० मिलिमीटर, पण तो मे ते सप्टेंबर या त्यांच्या हिवाळ्यात पडतो. उन्हाळे लांब आणि कोरडे.

या मातीत स्फुरद मुळातच नाममात्र. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं खच्चून भरलेली, ती असलेला स्फुरद धरून ठेवतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्या जमिनीवर शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टाकलेल्या सुपर फॉस्फेटचा मोठा वाटा पिकाला न मिळता मातीत अडकून बसतो, तोच प्रकार.

माती इतकी गरीब असूनही जंगल मात्र प्रजातींनी गच्च भरलेलं. वर जॅरा आणि मॅरी, मधल्या थरात बँक्सिया, पर्सूनिया आणि सुरूच्या जातीची झाडं, खाली शेकडो प्रकारची झुडपं, कंद, गवतं, लव्हाळे. बँक्सियाचं रोपटं पावसाळ्यात अलगद उपटलं तर मुळांच्या टोकांशी बाटली घासायच्या ब्रशसारखे दाट, केसाळ झुबके दिसतात आणि त्यांना मातीचा गोळा घट्ट चिकटलेला असतो. हे झुबके थोडे आठवडेच जगतात. तेवढ्या काळात ते सेंद्रिय आम्लं सोडून लोह-ॲल्युमिनियमला चिकटलेला स्फुरद सोडवून घेतात. ज्या झाडाने मिळेल तो कण ओढायचीच सवय लावून घेतली आहे त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात हान्स लॅम्बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातल्या हेकिया झुडपावर हे दाखवून दिलं: स्फुरद वाढवला तरी मुळं ओढणं आवरत नाहीत, आणि पानांत त्याचं विष साचतं. जुन्या पानांच्या कडा करपतात, कोवळी पानं लोहाची कमतरता असावी तशी पिवळी पडतात. पाहणारा बहुधा ‘पाणी कमी पडलं’ म्हणतो. लोहाची कमतरता समजून आणखी खत टाकणारेही भेटतात.

वरची माती म्हणजे बियाणं

खताचा हिशेब कळण्याआधी ही माती काय आहे ते पाहायला हवं. अन्नद्रव्यांचा साठा म्हणून तिची किंमत बेताची. खरी किंमत तिच्यातल्या बियांची, कंदांची आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींची आहे. रुजू शकणारं बहुतेक बी वरच्या ५ सेंटीमीटरमध्येच असतं. ताजी माती थेट पसरली तर परत येणाऱ्या वनस्पती-प्रजातींपैकी साधारण सत्तर टक्के या मातीतल्या बियांतूनच येतात. उरलेल्या बाहेरून पेरलेल्या बियांतून, रोपांतून आणि वाऱ्या-पक्ष्यांच्या कृपेने.

म्हणून माती दोन वेळा सोलायची पद्धत पडली. आधी वरचा १०-१५ सेंटीमीटरचा थर वेगळा उचलायचा, मग खालची खडी वेगळी. दोन्ही एकत्र ओरबाडले की बी अर्धा मीटर जाडीच्या मालात विरून जातं, आणि खोल गाडलेलं बी वर येत नाही. बारीक बियांचा तर विषयच संपतो. वरची माती शक्य तिथे ट्रकमधून थेट दुसऱ्या तयार खड्ड्यावर नेऊन पसरली जाते. ढीग लावून ठेवली की रुजणाऱ्या बियांपैकी निम्म्याहून अधिक गमावल्या जातात. ढिगाच्या पोटात ओल आणि ऊब असते, बी तिथेच रुजतं आणि अंधारात मरतं. बुरशीची रुजवण्याची ताकदही ढिगात घटते. सोलणं आणि पसरणं कोरड्या मोसमात करायचं. ओल्या मातीत बी चिरडतं आणि यंत्रांच्या चाकांबरोबर रोगही फिरतो.

तो रोग म्हणजे फायटोप्थोरा सिन्नामोमी, मातीतून पसरणारी एक बुरशीसारखी जात. विदर्भातल्या संत्र्याचा डिंक्या किंवा कोकण-गोव्यातल्या सुपारीचा कोळेरोग ज्याने पाहिला आहे त्याला हे कूळ ओळखीचं आहे. जॅराची आणि बँक्सियाची मुळं ती कुजवते आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. म्हणून रोगट पट्ट्यातली माती निरोगी पट्ट्यात कधीही जाऊ द्यायची नाही, हद्द ओलांडणारं प्रत्येक यंत्र धुवायचं. या रोगाच्या धास्तीनेच सुरुवातीची वीसेक वर्षं खाणींवर पाइन आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडची, रोगाला न जुमानणारी निलगिरी झाडं लावली गेली. १९८८ पासून मात्र स्थानिक जॅरा आणि मॅरीच पेरायचं ठरलं, आणि खताचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. पाइनच्या लागवडीला खत देणं ही साधी वनशेती. जंगलाच्या तीनशे-चारशे प्रजातींना एकच मात्रा देणं वेगळं.

तळ तयार करणं

खणून झाल्यावर तळ अवजड डंपरांखाली दाबून विटेसारखा झालेला असतो. तो न फोडता वर माती पसरली तर पावसाचं पाणी मातीच्या आणि चिकणमातीच्या सांध्यावर साचतं, मुळं खाली जात नाहीत आणि साचलेल्या पाण्यात फायटोप्थोराला आयतं रान मिळतं. म्हणून क्रम असा: खड्ड्याच्या उभ्या भिंती उतरवून ढाळ द्यायचा, मोठ्या डोझरला पंखांचा फाळ लावून तळ दीड मीटरपर्यंत फोडायचा, त्यावर खडीचा थर, त्यावर वरची माती, आणि शेवटी समपातळी रेषेवर सुमारे ८० सेंटीमीटर खोल दुसरी फाळणी.

खोल फाळणी कोरड्यातच करायची. चिकणमाती कोरडी असते तेव्हा फाळाच्या पंखांनी ढेकळं उचलली जाऊन दोन्ही बाजूंना तडे जातात. ओली असेल तर फाळ लोण्यातून सुरी जावी तसा जातो. चीर पडते, तिच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पहिल्या पावसानंतर ती मिटते. वरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही. तीन-चार वर्षांनी झाडांची वाढ खुंटली की कळतं.

वरची फाळणी समपातळीवरून थोडी जरी ढळली तरी सरीतलं पाणी सखल टोकाकडे पळतं, तिथे साचून वरंबा फोडतं आणि एकाच पावसात घळ पडते. मग वीतभर मातीबरोबर बीही तळाशी. बी पेरायचं ते फाळणीच्या पाठोपाठ, बहुतेक वेळा डोझरवरच बसवलेल्या पेरणीयंत्रातून. उन्हाळ्यातली एखादी सर पडून मातीवर पापडी धरली की नंतर पेरलेलं बी वरच राहतं आणि मुंग्या ते वाहून नेतात.

पेरणीत जॅरा, मॅरी, शेंगवर्गीय झुडपं आणि इतर अनेक प्रजाती असतात. शेंगवर्गीयांच्या कडक बियांना उष्णतेची प्रक्रिया करावी लागते, आपल्याकडे सुबाभळीचं बी गरम पाण्यात बुडवतात तशी. बऱ्याच इतर प्रजातींना वणव्यानंतर रुजायची सवय, म्हणून त्यांच्या बियांना धुराची प्रक्रिया. काही लव्हाळे आणि कंदवर्गीय वनस्पती बियांतून येतच नाहीत. त्यांची रोपं मॅरिनप इथल्या रोपवाटिकेत ऊतिसंवर्धनाने तयार करून पावसाळ्यात हाताने लावतात.

८० किलोमागचा विचार

जंगल तोडलं, लाकूड नेलं, उरलेला पालापाचोळा जाळला. नत्र (नायट्रोजन) धुरात गेलं. सोलताना, पसरताना वरच्या काळ्या मातीत खालची खडी थोडीफार मिसळतेच, त्यामुळे सेंद्रिय कर्ब (कार्बन) विरळ झाला. उघडी, उतारावरची, पातळ माती. अशा वेळी कोणताही कृषी किंवा वनपदवीधर सांगेल की गेलेलं भरून काढा आणि धूप थांबवायला लवकर हिरवं आच्छादन आणा. हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. पहिल्या दोन हिवाळ्यांपुरता तो बरोबरच होता.

८० किलो स्फुरद म्हणजे किती याचा अंदाज आपल्याकडच्या गोण्यांत घेतलेला बरा, कारण इथे एक नेहमीची गल्लत होते. ऑस्ट्रेलियात मात्रा शुद्ध स्फुरदात मोजतात. आपल्याकडे खताच्या गोणीवरचा आणि विद्यापीठांच्या शिफारशीतला आकडा स्फुरद पेंटॉक्साइडचा असतो. पहिल्याला २.२९ ने गुणलं की दुसरा मिळतो. ८० किलो स्फुरद म्हणजे १८३ किलो पेंटॉक्साइड, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के पेंटॉक्साइड असलेल्या डीएपी खताच्या ५० किलोच्या आठ गोण्या, हेक्टरी. त्यांच्याबरोबर ७२ किलो नत्र आपोआप येतं. महाराष्ट्रात आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो (नत्र, स्फुरद पेंटॉक्साइड, पालाश) आहे. म्हणजे ज्या जंगलाने लाखो वर्षं स्फुरदाच्या उपासमारीत काढली त्याला आडसाली उसापेक्षा जास्त स्फुरद, तोही एका दमात, असं हे प्रकरण होतं.

आता तेच मातीच्या बाजूने मोजू. १० सेंटीमीटर जाडीचा थर हेक्टरी १,००० घनमीटर. घनता १.३ धरली तर १,३०० टन. त्यात निम्मे खडे असतील तर बारीक माती ६५० टन. प्रयोगशाळा नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून खडे फेकते आणि उरलेल्या बारीक मातीचा आकडा देते. समजा उपलब्ध स्फुरद किलोमागे ४ मिलिग्रॅम निघाला. खडे न वजा करता हिशेब केला तर हेक्टरी ५.२ किलो येतो, वजा केले तर २.६ किलो. त्यावर ८० किलो टाकणं म्हणजे तीसपट. जांभा त्यातला बराच धरून ठेवतो हे खरं. पण धरून ठेवलेला स्फुरद कुठे जात नाही, आणि ज्या झुडपांकडे तो सोडवायची मुळं आहेत त्यांच्यासाठी तो वर्षानुवर्षं उपलब्धच राहतो. जुन्या पुनर्वनीकरणाच्या तुकड्यांत खत दिल्यानंतर कित्येक वर्षांनीही मातीतला स्फुरद शेजारच्या अखंड जंगलापेक्षा जास्त आढळतो तो त्यामुळेच.

जास्त खताने काय केलं

शेंगवर्गीय झुडपं सुसाट वाढली. ॲकेशिया पल्चेला, ॲकेशिया सेलॅस्ट्रिफोलिया आणि त्यांच्या जातभाईंना नत्राची ददात नसते, ती मुळांवरच्या गाठींतून ते स्वतः बनवतात. त्यांना अडवणारी एकच गोष्ट स्फुरद, आणि तीच थैली उघडून ओतली गेली. दोन-तीन वर्षांत डोक्याएवढी, काटेरी, आत शिरता येणार नाही अशी दाटी झाली. वरून, विमानातून, अहवालाच्या फोटोत ती छान दिसायची. तिच्या खाली मात्र सावलीत आणि मुळांच्या गर्दीत संथ वाढणारी बारकी झुडपं, कंद, वणव्यानंतर खोडाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या प्रजाती दबून जायच्या.

तणांचंही तसंच. बाहेरची एकवर्षायू गवतं आणि रुंदपानी तणं नत्र-स्फुरदावर पोसतात आणि उन्हाळ्यात वाळून मातीवर जळाऊ थर तयार करतात. ॲकेशियांचं आयुष्य तोकडं. दहाबारा वर्षांत त्या मोठ्या संख्येने वाळतात आणि उभ्या सरपणाचं रान तयार होतं. वणव्याच्या मुलखात ही फार मोठी डोकेदुखी. हे मान्य करायला हवं की ॲकेशिया पल्चेलाची एक जमेची बाजू मानली जात होती: तिच्या सोबतीने फायटोप्थोराला आळा बसतो असं निरीक्षण होतं. त्यामुळे तिची दाटी सुरुवातीला कुणाला खुपली नाही.

जॅराचं काय? खताने पहिल्या काही वर्षांत झाडं उंच दिसतात. प्रयोगांच्या तुकड्यांत वेगवेगळ्या मात्रा शेजारी शेजारी देऊन पाहिल्यावर दिसलं की हा फायदा वय वाढेल तसा पुसट होत जातो, तर प्रजातींच्या संख्येत झालेली घट आणि शेंगवर्गीयांचं अतिक्रमण टिकून राहतं. नत्र वेगळं देऊन पाहिलं तर झाडांना फारसा फरक पडला नाही. गाठी धरणारी झुडपं असताना वेगळं नत्र द्यायचं कारणच उरत नाही. म्हणजे डीएपीपेक्षा नत्र नसलेलं सुपर फॉस्फेट बरं, आणि तेही थोडं.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘खत दिल्यावर हिरवं झालं’ हे मोजमाप सोपं आहे म्हणून वापरलं जातं. खाणीत आच्छादनाची टक्केवारी एका भेटीत, एका फोटोत मोजता येते. प्रजाती मोजायला ओणवं होऊन चौकटीतली एक एक पात ओळखावी लागते. अल्कोआच्या कामात हे मोजमाप ठरून गेलेलं होतं: नऊ महिन्यांनी जॅरा-मॅरीची आणि शेंगवर्गीयांची रोपं मोजायची, पंधरा महिन्यांनी सगळ्या प्रजाती, आणि त्या शेजारच्या न खणलेल्या जंगलाशी ताडून पाहायच्या. २००१ च्या सुमारास पंधरा महिन्यांच्या तुकड्यांत प्रजातींची सरासरी संख्या जंगलाच्या बरोबरीला पोचली. हे यश प्रामुख्याने ताज्या मातीचं, धूर दिलेल्या बियांचं आणि रोपवाटिकेचं. खताने ते बिघडू नये एवढंच खताकडून अपेक्षित होतं.

२० किलो द्यायचे कसे

मात्रा जितकी कमी तितकी ती सारखी पडणं महत्त्वाचं. २० किलो स्फुरद म्हणजे ४६ किलो पेंटॉक्साइड, म्हणजे १६ टक्के वाल्या सिंगल सुपर फॉस्फेटचे साधारण २८५ किलो, हेक्टरी सहा गोण्यांना थोडं कमी. चौरस मीटरला साडेअठ्ठावीस ग्रॅम. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात पाच-सहा ग्रॅम मावतात असं धरलं तर पाच झाकणं. फाळलेल्या जमिनीवर ट्रॅक्टर नेता येत नाही, वरंबे मोडतात आणि नुकती उगवलेली रोपं चिरडतात. म्हणून डार्लिंग रांगेत दाणेदार खत हेलिकॉप्टरमधून टाकतात, हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

वेळेला कारण आहे. मे-जूनच्या पावसात बी रुजतं. तेव्हाच खत दिलं तर ते आधी तणांच्या तोंडी जातं, आणि नत्र असेल तर तो वाहूनही जातो. दोन-तीन महिन्यांत स्थानिक रोपांची मुळं बस्तान बसवतात, जमीन अजून ओली असते, ऊब वाढू लागते. ऑक्टोबरनंतर उशीर होतो. माती सुकते आणि दाणे विरघळत नाहीत, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून राहतात.

हेलिकॉप्टर असो की पाठीवरचं हातयंत्र, तपासणी एकच: एक चौरस मीटरचे उथळ ट्रे उडणाऱ्या पट्ट्याला आडवे ठेवून त्यांत पडलेलं खत तोलायचं. पट्ट्याच्या मध्यभागी जास्त आणि कडेला कमी पडतं, म्हणून पट्टे एकमेकांवर थोडे चढवतात. चढवणं जास्त झालं तर तिथे दुप्पट मात्रा. दोन वर्षांनी ॲकेशियाच्या दाट पट्ट्या रेघांसारख्या उमटलेल्या दिसल्या तर तो मातीचा दोष नसतो.

मात्रा दुसऱ्या ठिकाणी उचलून नेऊ नये. प्रत्येक खाणीच्या मातीवर ०, १०, २० आणि ४० किलोचे पट्टे किमान तीनदा आलटून-पालटून आखायचे, मध्ये न खतवलेली रिकामी पट्टी सोडायची, कारण उतारावर खत खालच्या पट्टीत उतरतं. शून्याचा पट्टा गाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो गाळला की खताची गरज होती का हा प्रश्नच विचारता येत नाही.

कुठे खताची खरी गरज भासते, तेही सांगायला हवं. जिथे वरची माती मिळालीच नाही आणि उघड्या खडीवर किंवा चिकणमातीवर पेरावं लागतं, तिथे बी नाही, कर्ब नाही, बुरशी नाही. अशा ठिकाणी थोडं खत आणि सेंद्रिय माल दिल्याशिवाय आच्छादन धरत नाही आणि धूप आधी येते. खत कमी करण्याचा युक्तिवाद ताज्या, नीट सोललेल्या वरच्या मातीला लागू आहे. ती नसेल तर हिशेब बदलतो.

आपल्या सड्यांवर

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि चंदगडच्या माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत, गोव्यात जांभ्याखालच्या लोहखनिजाच्या. जांभा तोच, स्फुरदाची बांधाबांधीही तीच. पण वरचं जीवन वेगळं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती कित्येक ठिकाणी बोटभर असते, आणि पावसात तिच्यावर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशा वनस्पती फुलतात. यांतल्या शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत. जमीन अन्न देत नाही म्हणून किडे खाणाऱ्या या वनस्पती जिथे वाढतात तिथे डीएपीच्या गोण्या रिकाम्या केल्या तर दोन पावसाळ्यांत गवत आणि टाकळा त्यांची जागा घेणार. डार्लिंग रांगेतला झाडांचा आराखडा इथे चालणारच नाही. सड्याचं मूळ रूप झाडांचं नाहीच.

पाऊसही वेगळा. तिथे वर्षभरात पडतो त्याच्या दुप्पट-तिप्पट इथे चार महिन्यांत कोसळतो. उतारावर पसरलेली सुटी माती जुलैपर्यंत टिकवायची तर समपातळी चर आणि दगडी बांध मे अखेरीआधी पुरे झालेले हवेत. खत द्यायचंच असेल तर पहिल्या मुसळधार सरी ओसरल्यावर, रोपांनी मूळ धरल्यावर, वाफसा पाहून. स्फुरद तपासायला आम्लधर्मी जांभ्या मातीत ब्रे पद्धत वापरायची. ऑल्सेन पद्धत चुनखडीच्या काळ्या जमिनीसाठी बरी, इथे तिचा आकडा फसवतो.

कोकण-गोव्यात खाणींच्या ढिगाऱ्यांवर आणि उजाड सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणून जी लावली गेली ती ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. ती जॅराच्या जंगलातली नव्हे, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतली. नत्र स्वतः बनवणारी, पटकन वाढणारी, खाली जाड न कुजणारा पाला टाकणारी. तिच्याखाली उतरून पाहिलं तर करवंद, दिंडा, कुड्याची किती रोपं दिसतात हे मोजायला पाच मिनिटं पुरतात. दहा बाय दहा मीटरची दोरी आखायची, आतली वीतभरापेक्षा उंच प्रत्येक प्रजाती लिहायची, मग तशीच दोरी शेजारच्या न खणलेल्या झुडपांत आखायची आणि दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या.

जुन्या तुकड्यांची निस्तरणी

८० किलोच्या काळातले तुकडे आजही उभे आहेत. दिलेला स्फुरद काढून घेता येत नाही. करता येतं ते इतकंच: दाट झाडं विरळ करणं, आणि वाळलेल्या ॲकेशियांचं सरपण थंड, ओलसर दिवसांत नियंत्रित आगीने कमी करणं. आगीतही एक मेख आहे. ॲकेशियांनी मधल्या वर्षांत मातीत प्रचंड बी पाडून ठेवलेलं असतं आणि उष्णतेने तेच आधी फुटतं. स्फुरद भरपूर असलेल्या जमिनीवर आग लावली की दुसरी दाटी पहिल्यासारखीच येऊ शकते. म्हणून विरळणी आधी, आग नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये प्रजातींची मोजणी.

२००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारने जॅराडेलच्या ९७५ हेक्टर पुनर्वनीकरणाला पूर्णतेचं प्रमाणपत्र देऊन ते क्षेत्र परत घेतलं. त्या क्षेत्रात पाइन-निलगिरीच्या काळातले तुकडेही आहेत. काळ्या काकाकुव्यांना घरट्यासाठी लागतात तसल्या ढोल्या जॅरा-मॅरीत पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. तिथलं सगळ्यात जुनं पुनर्वनीकरण १९६६ चं आहे.